शेठ वालचंद आणि सरकारचे राजपत्र

(द्वितीय वर्ष, कला)

सरकारी राजपत्र कोणी आवडीने वाचतो, असे माझ्या ऐकिवात नाही. इंग्रजी अमदानीतले राजपत्र तर मुळीच नाही. बंदरात शिरताना जहाजाने कोठे नांगर टाकावा, डेकवर किती उतारू घ्यावेत, कोणत्या दाखल्यावाचून जहाज हाकारू नये, याचे नियम. शेतीच्या प्रदर्शनात उत्तम वळूला आणि उत्तम बियाण्याला काय बक्षीस मिळेल, याची जाहिरात. कोणत्या परदेशी मालावर किती जकात आणि कोणत्या धंद्याला किती वर्षे सवलत, याचे ठराव. अशा मजकुराने ती पाने भरलेली असत. भाषा इतकी कोरडी की या कागदाचा कोणा जिवंत माणसाशी संबंध असेल, असे वाटतच नाही.

मलाही वाटले नसते. पण शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र वाचताना पानोपानी हे नियम, ठराव आणि कायदे आडवे येऊ लागले, आणि मग त्या कोरड्या कागदांची ओढ लागली. वालचंद म्हणजे भारतीय जहाजधंद्याचे जनक, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. विमानाचा कारखाना, मोटारीचा कारखाना, साखरेचा कारखाना अशी एक यादीही पाठ केलेली असते. परंतु त्यांचे निम्मे आयुष्य सरकारदरबारी परवानगी मागण्यात, ती नाकारली गेली म्हणजे दुसरी वाट शोधण्यात गेले. कोठे त्यांना हात मिळाला आणि कोठे दार बंद झाले, हे नीट पाहिले तर त्या राज्यकर्त्यांचे मन जसे कळते तसे ते इतिहासाच्या गाइडातून कळत नाही.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे मूळचे सौराष्ट्रातले, गुजराती बोलणारे दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते फलटणला आणि तेथून सोलापूरला आले. वडील हिराचंद नेमचंद दोशी सावकारी व कापसाचा व्यापार करीत. शिवाय ते धर्मसुधारक वृत्तीचे होते आणि ‘जैन बोधक’ हे मासिक त्यांनीच काढले. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. सोलापूरला मॅट्रिक होऊन ते मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. पण घरच्या अडचणींमुळे पदवी न घेताच परत आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा ही गोष्ट वाचून मला जरा बरे वाटले, हे कबूल करतो. पण लगेच लक्षात आले की त्यांच्यामागे पेढी होती. आपण पदवी सोडली तर मागे फक्त शेताचा बांध आहे.

पिढीजात धंद्यात त्यांचे मन रमले नाही. त्यांना भेटले लक्ष्मणराव बळवंत फाटक, रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरलेले गृहस्थ. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांना भांडवल उभे करता येत होते. फाटक-वालचंद या जोडीने बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे काम घेतले आणि तेथून ही गाडी रुळावर आली. पुढे मोठमोठी कामे मिळत गेली. पहिल्या महायुद्धात लष्करासाठी बांधकामे केली आणि त्यात पैसा चांगला झाला. १९२० मध्ये त्यांची पेढी टाटांच्या बांधकाम कंपनीत सामील झाली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारी नळयोजना, ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल, ही सारी या कंपनीची कामे. तेव्हा एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. ज्या सरकारशी वालचंद पुढे तीस वर्षे भांडले, त्याच सरकारच्या कंत्राटांवर त्यांचे पहिले भांडवल जमले होते. त्यांचे गुणगान करणारे लेख हे सहसा गाळतात. मला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. सरकारी कचेरीत कागद कसा हलतो, हे त्यांना या कंत्राटांनीच शिकवले असणार.

१९१९ साली युद्ध नुकतेच थांबले होते. वालचंद आगगाडीने दिल्लीहून मुंबईला येत असताना, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विकाऊ आहे, ही बातमी त्यांच्या कानावर पडली. स्टेशनावर उतरून ते घरी न जाता थेट बोट पाहायला गेले, असे सांगतात. ही बोट मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १८९१ मध्ये बांधलेली, कॅनडाच्या एका कंपनीसाठी प्रशांत महासागरात व्हँकुव्हर ते हाँगकाँग फेऱ्या मारलेली, सुमारे ५,९०० टनांची. युद्धात शिंदे सरकारांनी ती विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून दिली होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई शामळदास यांना गाठले आणि बोट घेतली. २७ मार्च १९१९ रोजी साडेचार कोटी रुपये भांडवलाची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली. नाव अर्थातच शिंदे घराण्यावरून. लगेच ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून विलायतेला निघाली, आणि स्वतः वालचंद तिच्यावर होते.

हे धाडस किती मोठे होते, हे समजायला थोडे मागे जावे लागते. जमशेटजी टाटांनी १८९३ च्या सुमारास चीन-जपानला सूत पाठवण्यासाठी स्वतःची जहाजसेवा सुरू केली होती. पी. अँड ओ. कंपनीने भाडे इतके उतरवले की टाटांना ती सेवा लवकरच गुंडाळावी लागली. १९०६ मध्ये तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली, कोलंबोला बोटी सोडल्या. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात टाकले गेले आणि ते बाहेर येण्याआधीच कंपनी बुडाली. तेव्हा वालचंद ज्या वाटेने निघाले होते त्या वाटेवर दोन बोर्ड आधीच लागलेले होते.

समोर प्रतिस्पर्धी होता लॉर्ड इंचकेप. हा माणूस मोठा विलक्षण. मूळचा स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ गावचा जेम्स मॅके. १८७४ मध्ये बाविसाव्या वर्षी कलकत्त्याच्या मॅकिनन मॅकेन्झी पेढीत साधा नोकर म्हणून आला आणि चढत चढत ब्रिटिश इंडिया कंपनी व पी. अँड ओ. कंपनी या दोन्हींचा प्रमुख झाला. १९१४ मध्ये या दोन्ही कंपन्या एकत्र आल्यावर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर त्याच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. पण याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. हाच माणूस व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसला होता, आणि लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलावर १८९७ पासून १९११ पर्यंत होता. १९२२-२३ मध्ये हिंदुस्थान सरकारचा खर्च कोठे कापावा हे ठरवायला जी समिती नेमली गेली, तिचा अध्यक्षही हाच. त्याच्या ब्रिटिश इंडिया कंपनीला सरकारी टपाल नेण्याचे कंत्राट १८५६ पासून, म्हणजे तिचे नावही वेगळे होते तेव्हापासून मिळत आले होते. टपालाचे पैसे दर वर्षी ठरलेले. बोट रिकामी गेली तरी मिळणार. उद्योगाला उत्तेजन म्हणतात ते याहून निराळे काय असते? फक्त राजपत्रात त्याला उत्तेजन म्हणत नसत, टपालाचा करार म्हणत.

इंचकेपच्या हातातले दुसरे हत्यार म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट. ही युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. समजा, रंगूनचा एखादा तांदळाचा व्यापारी कंपनीच्या बोटीने मुंबईला माल पाठवतो. तो भाडे पूर्ण भरतो. त्यातला साधारण दहावा हिस्सा कंपनी त्याच्या नावे बाजूला ठेवते आणि काही महिन्यांनी परत देते. पण केव्हा? त्या सबंध मुदतीत त्याने एकही पोते दुसऱ्या कंपनीच्या बोटीत चढवले नाही, तरच. सिंदियाची बोट स्वस्त असली तरी तिच्यात माल घातला की मागच्या सगळ्या महिन्यांचे साठलेले पैसे गेले. व्यापारी स्वदेशाभिमानी असला तरी किती दिवस तोटा सोसणार! यात बेकायदेशीर काहीही नव्हते. डेकवरच्या उतारूंची संख्या मोजणारा आणि बोटीवरच्या होड्या तपासणारा कायदा या सुटीबद्दल मात्र चकार शब्द काढत नव्हता.

वर भाड्याचे युद्ध सुरू झाले. रंगून ते मुंबई तांदळाचे भाडे निम्म्याहूनही खाली आणले गेले. सिंदियाने परदेशची स्वप्ने बाजूला ठेवून किनाऱ्यावर आणि ब्रह्मदेशाच्या मार्गावर लक्ष घातले होते. तेथेच हा मार बसला. ‘लॉयल्टी’ जुनी, कोळसा फार खाणारी. दोन वर्षांत तिला मुंबईत बांधून ठेवावे लागले. इंचकेपने सिंदिया कंपनीच विकत घेऊ पाहिली. संचालकांनी ती विकली नाही, पण १९२३ मध्ये दहा वर्षांचा तह मात्र केला. सिंदियाने ७५,००० टनांपेक्षा अधिक जहाजे ठेवू नयेत, किनारा, ब्रह्मदेश आणि सिलोन सोडून बाहेर जाऊ नये, उतारू नेऊ नयेत, अशा त्याच्या अटी. वालचंदांना हा तह मनापासून पसंत नव्हता. नरोत्तमशेठांचे म्हणणे असे की आधी जगले पाहिजे. आज मागे वळून पाहताना नरोत्तमशेठांचेच खरे वाटते. त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ भंगारात गेली, पण कंपनी जगली.

आता प्रश्न असा की, देशाच्या किनाऱ्यावरची वाहतूक देशातल्या जहाजांसाठी राखून ठेवावी, हा नियम सरकारने का करू नये? अनेक देशांत तसे कायदे होते. अमेरिकेत तर अगदी कडक. हिंदुस्थान सरकारने १९२३ मध्ये या विषयावर समिती नेमली. १९२४ मध्ये तिने अहवाल दिला. त्यात मुख्य शिफारशी दोन: हिंदी मुलांना खलाशी अधिकाऱ्यांचे शिक्षण देणारे जहाज सुरू करावे, आणि किनाऱ्यावरची वाहतूक परवाने देऊन हळूहळू हिंदी कंपन्यांकडे आणावी. सरकारने पहिली मान्य केली. ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज १९२७ पासून मुंबईत चालू झाले. दुसरी तशीच राहिली. म्हणजे मुले शिकून अधिकारी व्हावीत, पण त्यांना नोकरी द्यायला हिंदी जहाजे मात्र नसावीत! आम्हा बी. ए. च्या विद्यार्थ्यांना ही अवस्था समजावून सांगायची गरज नाही.

१९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारा राखून ठेवण्याचे विधेयक आणले. त्यांचे दुसरे विधेयक त्या लांबणीच्या सुटीवर बंदी घालणारे होते. वालचंद या चळवळीचे बळ होते. पत्रके काढणे, व्यापारी मंडळांतून ठराव करवणे, सभासदांना आकडे पुरवणे हे काम सिंदियाच्या कचेरीतून चाले. १९२७ मध्येच महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले होते आणि त्याचे पहिले अध्यक्ष वालचंदच होते. सरकारपक्षाचे आणि युरोपियन सभासदांचे म्हणणे असे की, अशा कायद्याने आधीपासून धंद्यात असलेल्यांची मालमत्ता हिरावली जाईल आणि वर्णभेद होईल. राज्यकर्त्यांना वर्णभेदाची अशी चीड आलेली पाहून मौज वाटते. जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी दोन्ही पक्षांना एकत्र बसवले. निष्पन्न काही झाले नाही. विधेयके मागे पडली.

आणि मग आला १९३५ चा कायदा. आपण परीक्षेसाठी त्यातली प्रांतिक स्वायत्तता पाठ करतो, संघराज्याची योजना पाठ करतो. त्यात १११ पासून ११८ पर्यंतची कलमे आहेत, तिकडे मात्र कोणी फिरकत नाही. त्यातले ११५ वे कलम जहाजांचे. ग्रेट ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजाला हिंदुस्थानातल्या कोणत्याही कायद्याने हिंदी जहाजाहून वेगळी वागणूक देता येणार नाही, असे त्याचे तात्पर्य. म्हणजे इतकी वर्षे सरकार जो नियम करायला नाखूश होते, तो नियम पुढे कोणते लोकनियुक्त मंत्री आले तरी त्यांनाही करता येऊ नये, अशी तजवीज झाली. वाचायला कलम किती समतेचे वाटते! दोन्हीकडच्या जहाजांना सारखा न्याय. एकाकडे पाऊणशे वर्षांचे टपालाचे पैसे आहेत आणि दुसऱ्याचे पहिले जहाज भंगारात गेले आहे, हे कलमात लिहिण्याचे कारण नव्हते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की इंग्रज सरकारने हिंदी धंद्याला कधी हात दिलाच नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल, आणि वालचंदांच्याच चरित्रात त्याचा पुरावा आहे.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे त्यांनी १९२३ च्या सुमारास सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. माळरान, दगडगोटे. दगड वेचून, बांध घालून, पाणी फिरवून त्यांनी ती लागवडीला आणली. दुसरीकडे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंब येथे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर शेती सुरू झाली. पुढे तेथेच वालचंदनगर वसले. कालवे दुष्काळ निवारण्यासाठी काढलेले. पण ज्वारी-बाजरीवाल्या शेतकऱ्याची पाणीपट्टी ती किती येणार! सरकारला कालव्यावर ऊस हवाच होता. शेतकी खाते उसाच्या नव्या जाती आणत होते, प्रदर्शने भरवत होते, चांगल्या पिकाला आणि चांगल्या बैलाला बक्षिसे देत होते. बैलाला बक्षीस दिल्याने लंडनमध्ये कोणाचे नुकसान होत नाही.

१९३२ मध्ये साखरधंद्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. बाहेरून येणाऱ्या साखरेवर दर हंड्रेडवेटला सव्वासात रुपये संरक्षक जकात बसली. त्या वेळी देशात आधुनिक साखर कारखाने ३२ होते. पुढच्या चार वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले. रावळगावचा कारखाना १९३३ मधला, कळंबचा म्हणजे वालचंदनगरचा १९३४ मधला. वालचंदांनी कायदा वाचला आणि यंत्रे मागवली, असे थोडक्यात म्हणता येईल. जमीन आधीच तयार होती, हे त्यांचे शहाणपण. १९३४ मध्येच सरकारने देशी साखरेवर अबकारी कर बसवून दिलेल्यातले थोडे परत घेतले, ती गोष्ट निराळी.

मग जहाजाला जे नाही ते साखरेला का? माझी समजूत अशी आहे. साखर येत होती जावा बेटातून, आणि जावा डचांचे. जकात वाढली तर बुडणार डच मळेवाला, आणि हिंदुस्थानच्या तिजोरीत व शेतकऱ्याच्या घरात चार पैसे येणार. मंदीच्या दिवसांत शेतसारा वसूल होणे कठीण झाले होते, तेव्हा तेही सरकारला हवे होते. शिवाय कारखान्याची यंत्रे बव्हंशी विलायतेतूनच यायची. जहाजाच्या बाबतीत बुडणार होता इंचकेप. एकाच सरकारचे दोन ठराव शेजारी शेजारी ठेवले की हे दिसते. एकेकटे वाचले तर दोन्ही सुसंस्कृत वाटतात. आमच्या प्राध्यापकांना हे मत फार सोपे वाटण्याचा संभव आहे. १९२४ मध्ये टाटांच्या पोलादाला संरक्षण आणि रुळांवर रोख इनाम दिले गेले, तेथे ब्रिटिश पोलादवाल्यांचेही नुकसान होते, असा आक्षेप मला माहीत आहे. पण युद्धात रुळांसाठी सरकार किती अडले होते, तेही लक्षात घ्यावे लागेल. जहाजाच्या बाबतीत सरकार असे कोणावाचून अडले नव्हते.

साखरेच्या या कथेला दुसरी एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. कालव्याकाठच्या साखर कंपन्यांनी ऊस पिकवण्यासाठी शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. मंदीत कर्जाने गांजलेल्या कुणब्याला ठरलेला खंड हाती येणे हेच पुष्कळ होते. त्याने अंगठा उठवला. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कंपन्यांचे मळे सरकारने घेतले आणि १९६३ मध्ये ते महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेले. मूळ मालक ‘खंडकरी’ या नावाने पन्नास वर्षे आपल्याच जमिनीसाठी अर्ज करीत राहिले. २०१२ नंतर त्या जमिनी परत मिळू लागल्या. आमच्या आजोबांची तीन एकर अशीच गेली होती. कंपनी वालचंदांची नव्हती, दुसरी होती, आणि तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही. खंडकरी हा शब्द मी घरी आधी ऐकला आणि पुस्तकात नंतर वाचला. राजपत्रात धंद्याला मिळालेले संरक्षण उसाच्या कांड्यापर्यंत पोचले, पण ज्याच्या सातबारावर तो ऊस उभा होता त्याच्यापर्यंत पोचले नाही. वालचंदांनी माळरानाचे मळे केले, गाव वसवले, हे सारे खरेच आहे. त्यांचे चरित्रकार तेथे थांबतात. मला थांबवेना.

१९२९ मध्ये नरोत्तमशेठ अपघातात वारले आणि सिंदियाची धुरा वालचंदांकडे आली. पुढची वीस वर्षे ते अध्यक्ष होते. तहाची मुदत संपल्यावर त्यांनी टनेज वाढवले. कोकण किनाऱ्यावरच्या बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी १९३९ मध्ये सिंदियाकडे आली. मुंबईहून रत्नागिरी-मालवणला जाणाऱ्या चाकरमान्यांच्या तिकिटाचे पैसे देशी कंपनीत पडू लागले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी एकदम तीन कारखान्यांची उडी घेतली. विमान, मोटार आणि जहाजबांधणी. १९३९ मध्ये प्रशांत महासागरावरून विमानाने जाताना विल्यम पॉली हा अमेरिकन विमानवाला त्यांना सहप्रवासी म्हणून भेटला आणि बोलण्यातून कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जमीन व भांडवल दिले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. येथे एका संस्थानाने जे तडकाफडकी केले ते इंग्रजी मुलखात झाले नसते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पण जपानी फौजा ब्रह्मदेशात येताच १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. मोटारीच्या बाबतीत उलट. विश्वेश्वरय्यांनी योजना आखली होती, मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते, पण मध्यवर्ती सरकारने युद्धाच्या काळात तिला वाट दिली नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये निघाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडायला १९४७ उजाडले.

जहाजबांधणीची गोष्ट मला सर्वांत चटका लावते. कारखाना काढायचा होता कलकत्त्याला. तेथे योग्य जागा, योग्य अटींवर मिळाली नाही. वालचंद विशाखापट्टणमला गेले. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. युद्धात जहाजे बुडत होती, सरकारला जहाजांची निकड होती, तरी या कारखान्याला यंत्रे मिळवून देण्याची कोणाला घाई नव्हती. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले. होती ती यंत्रे हलवावी लागली, काम थांबले. युद्ध संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अखेर १४ मार्च १९४८ रोजी आठ हजार टनांची ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. सिंदियाच्या जहाजांची नावे अशीच ‘जल’ने सुरू होत. ‘लॉयल्टी’ म्हणजे राजनिष्ठा, या नावाने सुरुवात केलेल्या कंपनीचे हे नामकरण वालचंदांच्या स्वभावाला शोभणारे आहे.

त्याच सुमारास नियमही बदलत होते. १९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या समितीने किनाऱ्यावरची शंभर टक्के वाहतूक हिंदी जहाजांकडे असावी, अशी शिफारस केली. १९५०-५१ मध्ये ती अमलात आली आणि किनारा राखीव झाला. हाजींच्या विधेयकाला तोवर बावीस वर्षे होऊन गेली होती.

वालचंदांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला होता. १९५० मध्ये ते सर्व कामांतून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई त्यांची शुश्रूषा करीत. विशाखापट्टणमचा कारखाना तोट्यात चालत होता, आणि १९५२ मध्ये तो नव्या स्वदेशी सरकारने आपल्याकडे घेतला. अंथरुणावरून त्यांनी ते ऐकले असेल. त्यांना काय वाटले, याचा अंदाज मी करणार नाही.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ मुंबईहून सुटली त्याला तीन दिवसांपूर्वीच चौतीस वर्षे पूर्ण झाली होती. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.